आबांचा अंगठा नापास झाला त्याची गोष्ट

आमच्या कामथडीत मी पोटासाठी काय करते हे कुणाला कधी धड कळलं नाही. चुलत सासरे चारचौघांत सांगायचे, "सूनबाई कंप्युटर दुरुस्त करती." शेजारच्या सुमनवहिनींचा समज असा की मी पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसात परीक्षा घेते आणि पोरांना पास-नापास करते. त्यातल्या त्यात वहिनीच खऱ्याच्या जवळ होत्या. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यानं बनवलेला प्रोग्राम लोकांच्या हातात जायच्या आधी माझ्याकडे यायचा, आणि तो कुठं कुठं तोंडावर आपटतो ते शोधून काढणं हे माझं काम. एकदा सासूबाईंना मी हे बयाजवार समजावून सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हंजे दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची. याला पगार देत्यात व्हय? म्या तर जलमभर फुकट केलं."

आता ते काम सुटलंय, म्हणून लिहायला मोकळी आहे. आमच्या धंद्यात कुणी निवृत्त होत नाही, 'पदाची पुनर्रचना' होते. शाल नाही, भाषण नाही, नुसताच नारळ. तोही मेलवर.

बाहेरच्यांना वाटतं टेस्टर म्हणजे मोठी हुशारी लागत असेल. छे हो. लागतं ते वाकडं डोकं. प्रोग्राम लिहिणारा विचार करतो की हे कसं चालेल. आपण विचार करायचा की घाईतला, तापलेला, चष्मा विसरलेला, किंवा मुद्दाम खोडी काढणारा माणूस याचं काय करील. माझी पहिली नोकरी एका वधूवर सूचक मंडळाच्या वेबसाइटवर. मी मुलीची जन्मतारीख टाकली पुढच्या वर्षाची. म्हणजे मुलगी अजून जन्मायचीच होती. त्या पठ्ठ्या प्रोग्रामनं तिला स्थळं दाखवली, वर 'गुण उत्तम जुळतात' असंही कळवलं. मी ज्यानं ते लिहिलं होतं त्याला दाखवलं तर तो म्हणाला, "पण मॅडम, असं कोण करेल?"

हे आमच्या धंद्यातलं पहिलं पालुपद. दुसरं म्हणजे, "माझ्याकडे तर चालतंय." या दोन वाक्यांवर मी माझं अर्धं आयुष्य आणि सगळा रक्तदाब खर्च केला. त्यावर औषध एकच. चूक तोंडी सांगायची नाही. समोर बसवून, त्याच्याच हातानं, त्याच्याच मशीनवर पुन्हा घडवून दाखवायची. ज्याला चूक पुन्हा घडवता येत नाही तो टेस्टर नव्हे, तो नुसता तक्रारखोर.

मग ते यंत्र आलं. ते म्हणजे एआय. पूर्वी आमची एक अख्खी रांग होती, डबे उघडले की मजलाभर लसणाच्या चटणीचा वास सुटायचा. बघता बघता रांगेत मी एकटी उरले आणि मला घरून काम करायची परवानगी मिळाली. परवानगी कसली, माझ्या खुर्चीसाठी भाडं कशाला भरा असा सरळ हिशेब. यंत्र स्वतःच प्रोग्राम वाचतं, स्वतःच चाचण्या लिहितं, स्वतःच चालवतं आणि स्वतःच आपल्या पाठीवर थाप मारतं. मी त्याच्यावर 'देखरेख' करायची. सुनेनं सगळा स्वयंपाक हातात घेतल्यावर सासू ओट्याशी नुसती उभी राहते ना, तशी.

खोटं बोलणार नाही, यंत्र कामसू होतं. मी कैक महिने डोळ्यांखालून घातलेल्या एका प्रोग्राममधली चूक त्यानं माझा चहा निवायच्या आत काढून दिली. मी त्या दिवशी जेवले नाही. पण त्याच्या तऱ्हाही होत्या. चाचणी मोडली तर ती आपली आपण दुरुस्त करून घ्यायची, हे त्याचं मोठं कौतुक. एकदा एका अ‍ॅपमधलं 'गाडी बोलवा' हे बटणच चुकून गायब झालं. यंत्रानं इकडं तिकडं पाहिलं, त्याच रंगाचं दुसरं बटण सापडलं, ते दाबलं आणि हिरवी खूण करून मोकळं झालं. ते बटण होतं 'गाडी रद्द करा'. आपल्या घराला कुलूप दिसलं म्हणून शेजारच्याच्या घरात शिरायचं आणि सुखरूप पोचलो म्हणून फोन करायचा, त्यातली गत.

त्याहून भारी म्हणजे त्याची माणसं. चाचणीसाठी यंत्र खोटी माणसं तयार करायचं. 'भोर-वेल्हे भागातली ग्रामीण महिला' मागितली तर त्यानं सविता दिली. वय अठ्ठावीस, व्यवसाय शेती, आवड योगासनं. ही सविता सकाळी निवांत बसून अ‍ॅप उघडायची. तिच्या मोबाईलची बॅटरी कायम भरलेली, रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या, आणि प्रत्येक सूचना ती शेवटपर्यंत वाचायची. अशी बाई मला एकदा भेटायची आहे. मी आमच्या निखिलला म्हटलं, "अरे, वेल्ह्यात अशी बाई दिसली तर लोक तिची ओटी भरतील." निखिल माझा मॅनेजर. पुण्यात वाढलेला, मनानं चांगला, पण यंत्रावर फार जीव. तो म्हणाला, "मॅडम, अशा हजारो सविता आहेत आपल्याकडे." अभिमानानं म्हणाला.

आता ज्यासाठी हे सगळं सांगत बसले ते सांगते.

पुण्यातली एक संस्था भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या आजारी माणसांना दवाखान्यात ने-आण करायला फुकट जीप पाठवायची. अ‍ॅपवर आदल्या दिवशी नोंद केली की सकाळी जीप दारात. ते अ‍ॅप आमच्या कंपनीनं बनवलेलं. काही हुशार लोकांनी तीच जीप बोलावून राजगड चढायला नेली, तेव्हा संस्थेनं सांगितलं, खोट्या नोंदी ओळखणारा पहारेकरी बसवा. निखिलनं एआयचा पहारेकरी बसवला. खरा माणूस कसा वागतो हे त्याला शिकवायला हवं होतं. ते त्याला कुणाकडून शिकवलं? तर सविताकडून. हजारो सवितांकडून.

एका सोमवारी सकाळी निखिलचा फोन. आवाजात दिवाळी. "मॅडम, रॅकेट पकडलं! राजगडच्या खाली एका टेकाडावर ढिगानं फोन, सगळे एकाच जागी, आणि सगळे एकच हात चालवतोय. आणि स्पीड असा की माणूस असूच शकत नाही. सगळी खाती ब्लॉक!" बुधवारी नसरापूरला संस्थेचा कार्यक्रम होता. अ‍ॅप आणखी तालुक्यांत सुरू व्हायचं होतं, आणि निखिलला हे रॅकेट तिथं पडद्यावर दाखवायचं होतं.

मी नकाशा पाहिला. राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावाजवळची जागा. माझ्या मनात पाल चुकचुकली. रॅकेट करणारा माणूस पुण्यात एसीत बसेल की तिथं गवतात? मंगळवारी मी स्कूटी काढली आणि नसरापूरवरून मार्गासनीमार्गे आत शिरले.

टेकाडावर एक जांभळीचं झाड होतं आणि झाडाला पिशव्या लटकलेल्या. कापडी, नायलॉनच्या, एक खताच्या गोणीची शिवलेली. प्रत्येक पिशवीत एक मोबाईल. खालची वाडी डोंगराच्या आडोशाला, तिथं रेंजचा ठिपका नाही. म्हणून शेतावर जाताना जो तो आपला फोन झाडाला टांगून जातो आणि दिवस मावळता घेऊन जातो. झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे बसलेले. दगडूआबा. एसटीतले निवृत्त कंडक्टर. कुणाचाही फोन वाजला की तेच उचलणार आणि निरोप असेल तर वरूनच खाली आरोळी ठोकणार. माझ्यादेखत ओरडले, "ए शांते, तुझ्या भावाला पोरगी झाली! दोघी बऱ्या हायत!" तीन वावरं पलीकडून शांताबाईंनी खुरपं हलवून पोच दिली.

मी ओळख सांगितली. चूकच केली.

"म्हंजे तुमचंच हाय व्हय ते भिकारडं?" आबा खुर्चीतून उठलेच. "अगं बाई, सोमवारी गाडी न्हाई आली. परत नोंद कराया गेलो तर फोनातनं एक बाई बोलती, लई गोड. म्हणती, तुम्ही माणूस असल्याचं सिद्ध करा. ह्यातली सिग्नलची चित्रं निवडा. आगं, हितनं वेल्ह्यापातुर एक तरी सिग्नल हाय का? म्या तिला आयवरनं शिवी घातली, तर म्हणती, धन्यवाद, तुमचा अभिप्राय नोंदवला आहे!"

वाडीतल्या सगळ्या आजाऱ्यांची नोंद आबाच करायचे. मी म्हटलं, कशी करता ते दाखवा. त्यांनी पिशवीतून पुतणीचा फोन काढला, त्यावर सरावासाठीचं पान मी उघडून दिलं. आणि तो अंगठा चालला. काय सांगू! उभा जन्म हलत्या गाडीत, एका हातानं दांडा धरून, तोंडानं 'पुढं सरका' ओरडत, न बघता तिकिटाचं मशीन दाबलेला अंगठा तो. मला बटणं दिसलीच नाहीत. माझ्याकडे बघत, यंत्राच्या बापाचा उद्धार करत त्यांनी नोंद संपवली सुद्धा. यंत्राचं म्हणणं एका अर्थी खरंच होतं. इतक्या वेगानं माणूस करूच शकत नाही, फक्त कंडक्टर करतो.

मला हसू आलं. तेवढ्यात आबा म्हणाले, "हसतीस काय? खाली ये, बघ."

खाली दारात त्यांची बायको बसली होती. हौसाकाकू. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिसला न्यावं लागायचं. सोमवारची पाळी चुकली होती. दुपारपर्यंत जीपची वाट बघितली, वाडीतला एकुलता टेम्पो भाताची पोती घेऊन भोरला गेलेला. काकूंची पावलं सुजून चपलेत मावत नव्हती आणि बोलताना मधेच थांबून त्या श्वास घेत होत्या. तरी मला म्हणाल्या, "च्या घेतीस ना? मला प्यायाचा न्हाई, पर करता येतो की."

मी टेकाडावर परत येऊन दवाखान्यात फोन लावला. मशीन रिकामं नव्हतं. गुरुवारी नक्की आणा, त्याआधी धाप वाढली तर लगेच आणा, म्हणाले. मी आबांना म्हटलं, "गुरुवारी मी गाडी आणते." आबांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "गुरुवारी आणशील पोरी. सोमवारी? त्याच्या फुडल्या गुरुवारी? तुमचं ह्ये यंत्र हाय तवर ह्येच हाय."

तिथूनच निखिलला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, वाईट वाटतं. पण असं झाडाला फोन टांगून कोण करेल?" बघा, आलंच. "पहारेकऱ्याला परत शिकवावं लागेल. महिना तरी जाईल. आणि कार्यक्रमाआधी बंद केला तर संस्थेला काय सांगू?"

"मग नव्या तालुक्यांसाठी मी सही करणार नाही," मी म्हटलं. टेस्टरचं हे ब्रह्मास्त्र. आमच्या सहीशिवाय काही बाहेर जात नाही, असा मी इतकी वर्षं समज करून घेतलेला.

निखिल अडखळला. "मॅडम, सही आता यंत्रच करतं. झाली कालच. तुमचं नाव फक्त माहितीसाठी आहे."

मला राग आला असं लिहिणार होते. आधी रडूच आलं. आबांनी पाहिलं. उपरणं पुढं केलं. मी डोळे पुसले, आणि मग राग आला. चांगला सणसणीत. म्हटलं, सही गेली तर गेली, धंदा अजून येतोय मला.

"आबा, उद्या नसरापूरला येता? लाभार्थी म्हणून. काकूंजवळ शांताबाई बसतील. धाप वाढली तर मला फोन, मी लगेच गाडी धाडते."

"भाशान करू?"

"भाषण नको. नोंद करायची. टेकाडावर करता तशीच."

बुधवारी मंगल कार्यालयात ही गर्दी. संस्थेचे अध्यक्ष मोठे सज्जन गृहस्थ, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. त्यांनी भाषणात सांगितलं की आमचं यंत्र खऱ्याखोट्याची अचूक पारख करतं. टाळ्या. मी उठले आणि म्हटलं, "साहेब, एका लाभार्थ्याच्या हातून प्रात्यक्षिक होऊन जाऊ द्या." माइक हातात असला की माणसाला चारचौघांत नाही म्हणता येत नाही. आबा मंचावर गेले.

"माझा फोन बंद केलाय तुमी," आबा म्हणाले.

"मग माझ्यावरून करा की," साहेबांनी उदार मनानं आपला फोन काढून दिला. ते बघून कार्यकर्त्यांना चेव आला. सत्काराचे नारळ ठेवलेलं ताट मी रिकामं केलं आणि समोर फिरवलं, त्यात फोन भराभर जमा झाले. कोपऱ्यातून निखिल माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होता. त्याला एव्हाना कळलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

आबा मांडी घालून बसले. पुढ्यात ताट. "पुढं सरका," असं पुटपुटले आणि सुरू झाले. एक फोन उचलायचा, अंगठा, ठेवायचा. दुसरा. तिसरा. सभागृहात नुसती टिकटिक. ताट संपत आलं तसे फोन एकेक लाल व्हायला लागले. पहिला लाल साहेबांचा. निखिलच्या लॅपटॉपची तार मंचामागच्या पडद्याला जोडलेली होतीच, त्यावर मोठ्या अक्षरांत इशारा झळकला: एकाच जागी संशयास्पद फोन, सगळे ब्लॉक. साहेबांनी स्वतःच्या फोनवर मोठ्यानं वाचलं, "तुम्ही माणूस असल्याची खात्री पटत नाही. कृपया सिग्नल असलेली चित्रं निवडा." चष्मा गाडीत राहिलेला. त्यांनी डोळे बारीक करून विजेचे खांब निवडले. नापास. परत निवडले. परत नापास.

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग अख्खं कार्यालय. आबा साहेबांकडे वाकून म्हणाले, "शिवी घालून बघा. लई अदबीनं घेती."

साहेबही हसले, हे त्यांच्या मोठेपणात धरते. पण आबा हसत नव्हते. ते म्हणाले, "साहेब, त्यानं तुमास्नी माणूस न्हाई म्हणलं, तुमचं काय बिघडलं? भाईर गाडी हुबी हाय. माझ्या बायकूचं सोमवारी रगात धुवायचं ऱ्हायलंय. ती घरी फुगून बसलीया."

साहेबांनी निखिलला बोलावलं आणि हळू आवाजात एवढंच म्हणाले, "आत्ता बंद कर. इथंच." निखिलनं तिथंच मांडीवर लॅपटॉप घेतला. कार्यकर्त्यांचा चहा वाटून व्हायच्या आत पहारेकरी बंद, वाडीची सगळी खाती सुरू. महिना लागणार होता म्हणे! आबांनी स्वतःचा फोन खिशातून काढला आणि उभ्या उभ्या गुरुवारची नोंद केली.

गुरुवारी मीही गेले. गरज नव्हती, पण माझ्याच्यानं घरी बसवलं नाही. जीप वेळेवर आली. काकूंना दोघांनी उचलून बसवलं. रस्ताभर त्या आबांच्या खांद्यावर डोकं टाकून होत्या, आणि प्रत्येक खड्ड्याला आबा ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत होते. दवाखान्यात नर्स म्हणाली, पाणी फार साठलंय, एका बैठकीत निघणार नाही, सोमवारी चुकवू नका. तरी परत येताना काकूंचा श्वास बराच हलका झाला होता. मला म्हणाल्या, "त्या दिशी च्या तसाच टाकून गेलीस." आणि झोपल्या.

जीप टेकाडावर जांभळीपाशी आली, रेंज लागली आणि आबांचा फोन बोलला. तोच गोड आवाज. "आपला प्रवास कसा झाला? कृपया आम्हाला तारे द्या." आबांचा अंगठा चालला. टिक. पाच तारे, सगळेच्या सगळे.

मी बघतच राहिले. "आबा, अहो पाच? एवढा छळ केला त्यानं, चारचौघांत शिव्या घातल्यात तुम्ही त्याला, आणि पाच?"

त्यांनी आधी मागं वळून झोपलेल्या काकूंकडे पाहिलं. मग फोन पालथा केला, त्यावर तळहात दाबून धरला, आणि तीन वावरं पलीकडं आरोळी पोचवणारा तो माणूस माझ्या कानाशी येऊन कुजबुजला.

"हळू बोल, पोरी. एक जरी कमी दिला आन् त्याला राग आला तर? सोमवारी हिला परत जायाचंय."